बैलावरची

"मावशी, ही का हसतेय?" यीलानने विचारलं आणि माझा ब्रश जिथे होता तिथेच थबकला. का हसतेय म्हणजे काय? हसतेच ती. इतकी वर्षं मी तिला हसवत आले, ते काय कुणाला कारण विचारून? दाफनमध्ये कुणालाही विचारा, बैलावरची कोण करतं, बोट माझ्याकडेच येईल. थान सुयुन, दुसऱ्या गल्लीतली, वडाखालच्या भिंतीपाशी बसणारी. आमच्या या वस्तीत घरटी माणूस परदेशी चित्रांच्या नकला करतो, पण चित्रांना त्यांच्या खऱ्या नावाने कोणी ओळखत नाही. त्या नावांना जीभ वळत नाही, आणि वळवून तरी करायचंय काय? एक हंसवाली आहे, एक सोन्याच्या पावसातली आहे, एक झाड होणारी, आणि त्या तीन जाड्या, एकमेकींच्या खांद्यावर हात टाकून उभ्या राहणाऱ्या, ज्यांच्या मांड्यांपायी आमचा गुलाबी रंग कधी पुरत नाही. आणि ही बैलावरची. पांढऱ्या बैलाच्या पाठीवर बसून समुद्रातून निघालेली, एका हाताने शिंग धरलेलं, दुसऱ्या हातात वाऱ्याने फुगलेलं लाल कापड, मान वळवून मागे बघतेय, आणि मागे किनाऱ्यावर बारक्या बारक्या मैत्रिणी हात वर करून उभ्या. समुद्र आणि आकाश कारखान्यातलं कोणीही रंगवतं. बैल माझा नवरा करतो. तोंड माझं. आमच्या कारखान्यात ते दुसऱ्या कोणी केलेलं मला आठवत नाही.

यीलान आमची मालकीण. म्हणजे खरी मालकीण तिची आई, पण ती आता सकाळपासून माजोंग खेळायला बसते आणि कारखाना या पोरीच्या गळ्यात आलाय. माझ्या स्टुलाला टेकून जेवणारी पोर, आता मला मावशी म्हणते आणि त्याच तोंडाने कामं सांगते. त्याचं मला कौतुकच आहे. त्या सकाळी ती काखेत कागदाची एक गुंडाळी घेऊन आली आणि भिंतीवर उलगडून चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी लावली. दाराएवढी छापील बैलावरची. मूळ चित्र जिथे टांगलंय तिथून मागवलेली, इतकी लख्ख की जुन्या रंगाला गेलेल्या भेगासुद्धा मोजून घ्याव्यात. आमच्याकडे आजवर होतं ते पंजाएवढं चित्र, कुणाच्या तरी कॅलेंडरमधून कापलेलं, तेलकट बोटांनी पिवळं पडलेलं. त्यात तिचं तोंड सोयाबीनच्या दाण्याएवढं. आता दाण्यावरचे ओठ ते केवढे असणार? मला ते हसरे दिसले, मी हसरे केले. माझं बघून शेजारच्या गल्लीने केले, त्यांचं बघून पलीकडच्यांनी. आणि आता हे ताटाएवढं तोंड माझ्यासमोर होतं, उघडं, वरचा ओठ ताणलेला, डोळ्यांतलं पांढरं खालून दिसतंय. ही बाई ओरडत होती.

"तो बैल बैल नाहीच, मावशी," यीलान सांगत होती. "देव आहे. रूप बदलून आलेला. ही राजाची मुलगी, मैत्रिणींबरोबर फुलं वेचत होती. बैल गरीब दिसला म्हणून गंमत म्हणून पाठीवर बसली, तर हा उठला आणि थेट समुद्रात. पळवलं तिला."

"आणि विचारलं नाही?"

"देव कुठे विचारत बसतात?" यीलान हसली. मग तिने मुद्द्याला हात घातला. शांघायमधलं एक मोठं हॉटेल, त्यांच्या दर्शनी दालनासाठी बैलावरची हवी, माणसापेक्षा उंच. तिने नमुना म्हणून आमच्या छोट्या चित्राचा फोटो पाठवला होता, तर तिकडच्या बाईंनी उलट विचारलं, मुलीला पळवून नेतायत आणि ती सहलीला निघाल्यासारखी काय हसतेय? बाकी चित्र पसंत, चेहरा मुळाबरहुकूम पाहिजे. "पुढच्या आठवड्यात न्यायला येतील. तू करून बघ, मावशी. नाहीच जमलं तर चेहरा तेवढा रुआनकडून करून घेऊ." रुआन म्हणजे समोरच्या माडीवरचा, कला महाविद्यालयात शिकलेला, माणसांचे फोटो बघून हुबेहूब चेहरे काढणारा. पोरगा चांगला आहे, भेटला की मान लववतो. पण माझ्या बैलावरचीच्या तोंडावर त्याचा ब्रश? मी म्हटलं, रुआनला कशाला त्रास, होईल माझ्याकडून. बोलून तर गेले.

आणि होईना. कॅनव्हास भिंतीला टेकवून पुढे शिडी लावली होती, समुद्र झाला होता, आकाश झालं होतं, गेनशेंगने म्हणजे माझ्या नवऱ्याने बैलाचं धूड उभं केलं होतं, मैत्रिणी किनाऱ्यावर हात वर करून तयार, आणि मधोमध तिच्या मानेवर एक कोरा लंबगोल. मी बाजूच्या तुकड्यावर सराव करायला घेतला. भिंतीवर बघायचं, ओठ उघडायचा, आणि शेवटी कोपऱ्याशी येताना हात आपोआप वर जायचा. की झाली हसरी. पुसून टाकायचं, पुन्हा घ्यायचं, पुन्हा तेच. हाताला तरी किती बोल लावायचा? गावाहून आल्यावर आधी मी खेळण्यांच्या कारखान्यात होते, बाहुल्यांचे ओठ रंगवायला. पट्ट्यावरून बाहुल्या सरकत यायच्या, एकेका फटकाऱ्यात ओठ, फटकारा संपताना मनगट जरा वर, की बाहुली हसली. तिथल्या देखरेखीच्या बाई म्हणायच्या, सुयुनच्या बाहुल्या बघून मलासुद्धा हसू येतं. त्या रंगाच्या वासात, त्या पंख्यांच्या घरघरीत माझ्या मनगटाने जे घेतलं ते घेतलं. पुढे गेनशेंगला इथे काम लागलं, मागोमाग मला, आणि ब्रश मोठा झाला एवढंच. पण नुसतं मनगटाचं असतं तर मला इतकं लागलं नसतं. मला लागत होतं ते वेगळंच. त्या बाईला मी पहिल्यांदा पाहिलं, त्या कॅलेंडरच्या कपट्यावर, तेव्हाच मी मनात म्हटलं होतं, अगं, ही तर मीच.

कारण मीही अशीच निघाले होते. आमचं गाव हुनानमध्ये, नदीकाठी. गेनशेंग पलीकडच्या वस्तीतला, म्हशी राखणारा, घरात काही नाही आणि कपाळावर केसांचा झुपका. माझ्या आईने माझ्यासाठी धान्याच्या गिरणीवाल्याचा मुलगा बघून ठेवलेला. एके दिवशी गेनशेंग मामेभावाची उसनी मोटारसायकल घेऊन घाटावर आला, मी कपडे धूत होते, तो म्हणाला बस, मी बसले. बरोबर ओला शर्ट तेवढा. आई पायऱ्यांवर, शेजारणी तिच्या मागे, सगळ्यांचे हात वर. पूल लांब होता आणि वारा असा की तोंडात शिरायचा, आणि मी हसत होते. ही गोष्ट मी किती जणींना सांगितली असेल. खेळण्यांच्या कारखान्यातल्या राहायच्या खोलीत, इथे गल्लीत भाजी निवडताना, यीलानला ती लहान असताना केस विंचरून देताना. दर वेळी मी हसत होते. जगात ज्या ज्या भिंतीवर आमची बैलावरची गेली, कुणाच्या न्हाव्याच्या दुकानात, कुणाच्या जेवणाच्या टेबलामागे, तिथे तिथे मी बसून हसत होते, आणि मला ते फार आवडायचं. माझं तोंड कुणाला माहीत नाही, पण केवढ्या घरांत ते टांगलंय, असं वाटून मी एकटीच खुशीत असायचे. आणि आता यीलान म्हणते पळवलं तिला. म्हणजे मग मला?

डोक्यात किडा शिरला की मला चैन पडत नाही. मी ब्रश तेलात बुडवून ठेवले आणि वडाच्या पारावर बसून गावी आईला फोन लावला. आई आता ऐकायला कमी येतं म्हणून स्वतःच ओरडून बोलते. तिने आधी गेनशेंगच्या खोकल्याची चौकशी केली, मग त्याला मिरच्या पाठवल्यात त्या पोचल्या का विचारलं, मग त्याला म्हणे हिवाळ्यात गावी येऊन महिनाभर राहायला सांग, तू नाही आलीस तरी चालेल. जावई म्हणजे जीव की प्राण झालाय. मी म्हटलं, "आई, मी पळून आले त्या दिवशी माझं तोंड कसं होतं?"

"पळून आलीस नव्हे. पळवली तुला त्याने."

"बरं, पळवली. तोंड कसं होतं?"

"रडत होतीस. एवढा मोठा आ वासून. मी पायरीवरून बघितलं की."

"हसत होते मी."

"हसणारं माणूस असं मागे वळून बघतं का गं?" आई म्हणाली. "आणि त्याला सांग, मिरच्या उन्हात ठेव, इथून निघताना जरा ओल होती."

फोन ठेवला आणि मी तिथेच बसून राहिले. गल्लीत दोऱ्यांवर चित्रं वाळत घातलेली, त्यात आमच्याच तीन बैलावरच्या ओळीने, तिघी हसऱ्या, वाऱ्याने हलतायत. आईचं काय चुकलं? मी वळून बघत होते हे खरंच. शर्टाच्या बाहीचं पाणी कोपरावरून गळत होतं तेही आठवतं. ओठ वाऱ्याने ताणलेले, दात उघडे, डोळ्यांतून पाणी, आता वाऱ्याने आलेलं की कशाने ते कोण सांगणार. घाटावरून बघणाऱ्याला ते रडणंच दिसलं असेल. आणि माझ्याकडे आरसा कुठे होता? मी हसत होते हे मला माहीत होतं, की ते मी पुढे सांगून सांगून माहीत करून घेतलं? म्हणजे इतकी वर्षं घरोघरी जाऊन बसलेली बाई जी सांगत होती ते खोटं. छातीवर कोणीतरी ओला कॅनव्हास टेकवून ठेवल्यासारखं झालं. आत जाऊन बघितलं तर कोरा लंबगोल माझी वाट बघतोय आणि शिडीच्या खालच्या पायरीवर गेनशेंग, दातांत एक ब्रश, हातात एक, बैलाच्या नाकपुड्यांशी झटतोय. यीलानने त्यालाही टोकलं होतं, की हा बैल तिकडचा वाटत नाही, हुनानची म्हैस वाटते. तो म्हणाला होता, मला जे जनावर माहीत आहे तेच मी करणार, देवाला म्हशीचं रूप घ्यायला काय हरकत आहे?

"काय झालं तुझं?" त्याने ब्रश दातांतून न काढता विचारलं.

"ती घाबरलेली हवीय. मला येत नाहीये."

"घाबर मग."

"अशी कशी घाबरू?"

त्याने ब्रश काढला, फडक्याला पुसला, माझ्याकडे आणि मग भिंतीवरच्या मोठ्या तोंडाकडे बघितलं. "चल, बस गाडीवर," तो म्हणाला. "घाबरवतो तुला."

मी नको नको म्हणत होते, पण पाय निघालेच. आमची विजेवरची दुचाकी, आवाज नाही काही नाही, मागे फ्रेमा बांधायचं लोखंडी कडं, त्यात मी. बायका दाफनमध्ये मोबाइल घेऊन मागे बसतात, पोरं दुधाचा चहा पीत बसतात, मी कडं धरून बसले. आणि हा माणूस, एरवी खड्डा दिसला की उतरून गाडी ढकलणारा, असा सुटला की विचारू नका. तीन जाड्यांच्या रांगेतून, हंसवालीच्या लाकडी चौकटीला घासून, टांगलेल्या सूर्यफुलांखाली डोकं घालून, फ्रेमवाल्याच्या दारातून. फ्रेमवाला मागून शिव्या घालतोय, कुणाची तरी भाताच्या पेजेची वाटी हातातच हिंदकळली, एका कुत्र्याने जीव घेऊन पळ काढला. "गेनशेंग, थांब, अरे मारशील मला," मी त्याच्या पाठीवर गुद्दे घालत होते, तोंड उघडं ते उघडंच, आणि खरं सांगते, मला भीतीही वाटत होती आणि हसूही फुटत होतं, दोन्ही एकाच तोंडातून, कोणतं कुठलं ते माझं मलाच कळत नव्हतं. म्हाताऱ्या वयात हे काय चाळे, असं एक मन म्हणत होतं. दुसरं मन त्याच्या शर्टाला घट्ट धरून होतं. वस्तीच्या कमानीबाहेर मोठ्या रस्त्याला लागायच्या आधी त्याने गाडी एका कडेला घेतली आणि थांबवली. पाय जमिनीला टेकवले. मागे वळून बघितलं नाही. समोर बसगाड्या जात होत्या त्यांच्याकडे बघत, नुसती मान जरा तिरकी करून म्हणाला, "उतरतेस का?"

आणि ती मान बघून मला एकदम आठवलं. तसंच तिरकं, तसंच पुढे बघत. पूल संपला होता, पलीकडचा रस्ता लाल मातीचा होता, त्याने मोटारसायकल थांबवली होती, यंत्रसुद्धा बंद केलं होतं, इतकी शांतता झाली की माझ्या शर्टाचं पाणी मातीवर पडताना ऐकू येत होतं. तो म्हणाला होता, सुयुन, उतरतेस का? परत सोडतो. तुझी आई अजून तिथेच उभी असेल. त्याचे कान लाल झालेले मला मागून दिसत होते. मी घाबरलेली होते, चांगलीच घाबरलेली होते, आणि मी रडतही होते. आई बरोबरच सांगते. मी उतरले नाही. मी म्हटलं होतं, मला भूक लागलीय, पुढे काही खायला मिळतं का बघ. मग आम्ही एका म्हातारीकडून भाजलेली रताळी घेतली, आणि तोंड भाजलं म्हणून मी हसले, आणि तो हसला, आणि मग जे हसत सुटलो ते थेट बसच्या अड्ड्यापर्यंत. हे मी विसरलेच कशी? विसरले नसेन, त्याच्यावर कधी बोलणंच झालं नाही. आई जन्मभर भांडली ती पुलाच्या अलीकडच्यावरून, कारण तिने तेवढंच बघितलं होतं. मी तिला उत्तरं दिली तीही अलीकडचीच. पलीकडे बघायला कोणी नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि मला इतका आनंद झाला की मी त्याच्या पाठीत अजून एक गुद्दा घातला.

"उतरत नाही," मी म्हटलं. "भूक लागलीय."

"तेव्हाही हेच म्हणालीस." म्हणजे त्याच्या लक्षात होतं. सगळं लक्षात होतं त्याच्या, आणि माझ्या हसऱ्या गोष्टी ऐकताना कोपऱ्यात बसून तो एका शब्दाने बोलला नव्हता.

"तू थांबला होतास हे कधी सांगितलं का नाहीस रे?"

"तू हसत होतीस म्हणून सांगायचीस," तो म्हणाला. "मला ते ऐकायला बरं वाटायचं."

आम्ही कमानीशी उभ्या उभ्या तिखट शेवया खाल्ल्या आणि परत आलो. मी शिडीवर चढले. भिंतीवरच्या तिच्याकडे बघितलं आणि पहिल्यांदाच मला ती मी वाटली नाही. बिचारी कुणाची तरी पोर होती, फुलं वेचायला आलेली. तिच्या बैलाने पाय टेकवले नव्हते, मान तिरकी केली नव्हती, तिला काही विचारलं नव्हतं. समुद्र संपला तरी तिला कोणी विचारणार नव्हतं. माझा जीव तिच्यासाठी असा तुटला की मनगट वर जायचं विसरूनच गेलं. खालचा ओठ एका फटकाऱ्यात आला, मग वरचा, ताणलेला, मग डोळ्यांतलं पांढरं, अगदी थोडं निळं मिसळून. मी तिला म्हणत होते, ओरड बाई, ओरड, ऐकू दे त्यांना. आणि हे करताना मला आतून इतकं हलकं वाटत होतं की त्याची मला लाजही वाटली. संध्याकाळी यीलान आली. कागदाजवळ गेली, कॅनव्हासजवळ आली, पुन्हा कागदाजवळ गेली. मग तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायची तसा. "रुआनला काही सांगत नाही मग," ती म्हणाली.

हॉटेलवाल्यांनी चित्र नेलं. जाताना त्या बाई म्हणे बराच वेळ चेहऱ्यासमोर उभ्या होत्या. आमच्यामागे मग नेहमीची कामं लागली, छोट्या बैलावरच्यांची मोठी थप्पी, कुठल्याशा बंदरावरच्या दुकानाची. यीलानने ती मोठी छापील गुंडाळी माझ्या भिंतीवर कायमची खिळ्यांनी ठोकून टाकली आणि म्हणाली, आता यासुद्धा अशाच कर, मावशी, खऱ्यासारख्या. मी कॅलेंडरचा कपटा काढला, स्टुलावर ठेवला आणि पहिल्या कॅनव्हासवर ओठ घेतले. मनगट जरा वर. दुसऱ्यावर घेतले. यीलान मागे उभी राहून बघत होती. गेनशेंग पलीकडे बैलाच्या नाकपुड्या करत होता, त्याचा हात थांबलेला मला दिसला.

"मावशी, परत हसतेय ही," यीलान म्हणाली. "आता गिऱ्हाइकांनी विचारलं तर मी काय सांगू?"

"सांग त्यांना," मी म्हटलं, "हिचा बैल पलीकडे जाऊन थांबला होता."